मागापासून हातभर

आमच्या कॉलनीचा नियम आहे, रस्त्याच्या बाजूनं कूलर लटकवायचा नाही. माझं गॅरेज रस्त्याकडंच उघडते. आत गाडी नाही, बायकोचा हातमाग आहे. दुपारी मी तिथंच बसतो, अन् वरचा टिन डोस्कं शिजवते.

कूलरवाला आला. डोक्यावर ओला दुपट्टा. टेप खिशात असून त्यानं भिंत वितीनं मोजली, तेही दोनदा. काही विचारलं की, "होते ना बाबाजी!" मले वैताग आला. शेवटी त्यानं कूलर आतच मांडला, पाणी भरलं, अन् बटणाजवळ जाऊन थांबला. मागावरचं कोशाचं रेशमी कापड पाहून म्हणाला, "हे अर्धंच काहून?"

"विणणारी गेली. हिवाळ्यात."

"मंग कूलर नोका लावू. बंद जागेत ओल धरते, कापडाले बुरशी येईन."

"अन् मी उकडून मरू?"

"तुमी आंघोळ करान. कापड काय करन?"

मी लय बोललो त्याले. त्यानं कूलरातलं पाणी ओतून टाकलं, कूलर उचलला, अन् जाताना आपला दुपट्टा माझ्या डोक्यावर टाकला. "याले नियम नाही," म्हणाला.

त्या दुपट्ट्याले घामाचा वास येते. तरी रोज दुपारी भिजवतो, घट्ट पिळतो, अन् मागापासून हातभर लांब बसतो.