चारातलं एक ताट

सिताराम ज्वारी संशोधनाच्या फार्मवरून रिटायर झाला त्याला आठ वर्षं झाली, पण ज्वारी पोटऱ्यात आली की त्याचे हात अजून शिवशिवतात. परसात वीस-बावीस ताटं. कणीस बाहेर पडलं, की ते फुलायच्या आत तो त्यावर कागदी पिशवी चढवतो, म्हणजे वाऱ्यानं दुसऱ्या ज्वारीचा पराग येऊन बसत नाही. शेजारचा सटवाजी दरवर्षी हसतो, "म्हातारा कणसाला टोप्या घालायलाय!" हसेना का बापडा. परभणीजवळच्या त्या फार्मवर सितारामनं एकतीस वर्षं हेच केलं, आणि पोरंबाळं त्याच्यावर मोठी केली.

यंदा नात धम्मशीला बारावीचं जीवशास्त्राचं पुस्तक घेऊन परसात आली. "आबा, हे तीनास एक काय भानगड हाय? पाठच होईना."

"पाठ कशाला करतीस? बस हितं. तुझ्या पणजीची ज्वारी सांगतो."

पणजी म्हणजे सरजाबाई, सितारामची माय. चार लेकरं झाली, त्यातली तीन पाळण्यातच गेली. सिताराम तेवढा जगला. घरची जमीन नव्हती, पण परसात तिची दहा-बारा ताटं असायचीच. त्या ज्वारीचं ताट मोडलं की मनगटावरून रस ओघळायचा. गल्लीतली सगळी पोरं चघळायला तिच्या दारात. तसलं ताट आता बाजारात मिळत नाही, आणि मिळालं तरी चघळायला दात कुणाकडं आहेत?

सिताराम फार्मवर नवा लागला तेव्हाची गोष्ट. व्यंकटराव साहेब त्याला संकर करायला शिकवत होते. फुलातले परागकोश चिमट्यानं काढायचे आणि दुसऱ्या कणसाचा पराग त्यावर धरायचा. हात बसायला साहेब म्हणाले, "कुठलाही पराग आण." हा हुशार पहाटे उठला आणि मायची फुललेली सगळी कणसं विळ्यानं कापून सायकलवर घेऊन गेला! पराग नुसता पिशवीत झाडून घ्यायचा असतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. डब्यातलं जुनं बी किड्यांनी खाल्लेलं. म्हणजे मायच्या ज्वारीचं बियाणंच खुंटलं.

सरजाबाई रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "असू दे. तुज्या हाताला काम लागलं ना?" ते बोलणं त्याला शिवीपेक्षा लागलं.

फार्मवरच्या कोरड्या ताटाच्या ज्वारीवर त्यानं तो पराग धरला होता. ते बी त्यानं साहेबांकडून मागून पुढच्या रब्बीत परसात पेरलं. मायनं ताट मोडून दातात धरलं आणि थुंकलं. सगळीच्या सगळी ताटं कोरडी ठक्क. सिताराम रडकुंडीला येऊन साहेबांपुढं उभा राहिला.

साहेब म्हणाले, "अरे, प्रत्येक झाडाकडं एका गुणाच्या दोन चिठ्ठ्या असतात. एक मायची, एक बापाची. कोरड्या ताटाची चिठ्ठी मोठ्यानं बोलते, रसाची तिच्यापुढं मुकी राहते. मुकी म्हणजे मेलेली नव्हे. झाड बियाला दोन्हीतली एकच चिठ्ठी देतं. पिशव्या चढव, त्यांचाच पराग त्यांनाच मिळू दे. दोन मुक्या चिठ्ठ्या एका दाण्यात आल्या, की रस परत येईल. चारात एखादं ताट. पण बाबा, दाणा वगैरे सगळं तुझ्या मायचं नसेल हं, तेवढा रस तिचा."

तिसऱ्या रब्बीत ते बी पेरलं तेव्हा सरजाबाई अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरनं हात टेकले होते. ताटात रस भरायला अजून दोन महिने होते, आणि मायकडं दोन महिने नव्हते. सिताराम रोज वाफ्यात फिरून पानं बघायचा. कोरड्या ताटाच्या पानाची मधली शीर पांढरीफेक असते, रसाच्या ताटाची मळकट हिरवी. हे मायला कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. एका सकाळी त्याला पहिली हिरवी शीर दिसली. मग त्यानं सगळी ताटं मोजली. एकसष्टात चौदा.

पान घेऊन तो मायजवळ बसला. तिनं शिरेवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा.

"ही माजी हाय," ती म्हणाली. "किती आल्यात?"

"चारात एक, माय. बाकी समदी कोरडी." त्याला मान वर करवेना. "माज्यामुळंच झालं गं."

"एक लय झालं." तिनं पानासकट त्याचा हात धरला. "मला बी चारातला तू एकच राह्यलास. पुरलास की."

कणसं बाहेर पडायच्या आत ती गेली. त्या चौदा ताटांचं बी सितारामनं पुन्हा खुंटू दिलं नाही; परसातली ही ताटं त्यातलीच.

धम्मशीलानं पुस्तक कधीच मिटलं होतं. सितारामनं डोळे पुसले आणि पुढची पिशवी उचलली, तर ती नातीनं त्याच्या हातातून घेतली.

"कशी घालायची, आबा?" ती म्हणाली. "मला दाखवा."