सतराव्या पानाचं अक्षर

मी पुण्यात गुरुजींच्या घरी पुराणं शिकायला राहिलो तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. गुरुजींची शिकवण्याची रीत निराळी होती. ते म्हणत, "कथा काय, देवळात पाय दुमडून बसलं की येतात. आधी शब्द शिका." म्हणून त्यांनी मला शब्दांची वही घालायला लावली. पोथीत जे लिहिलेलं आहे तो पाठ. दोन पोथ्यांत निराळं आढळलं तर पाठभेद. कथेच्या पोटातली कथा ती उपाख्यान. ऐकणाऱ्याला काय पुण्य लाभेल ते सांगणारा शेवट म्हणजे फलश्रुती, आणि पोथी कुणी, कुठं बसून उतरवली हे लिहिणारा अखेरीला नोंदतो ती पुष्पिका.

तिसऱ्या वर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर एके दिवशी त्यांनी क्षेपक हा शब्द सांगितला. मुळात नसलेला, मागाहून कुणीतरी आत सरकवलेला मजकूर.

त्या शब्दानं मला झपाटलं. पुराणिकबुवा देवळात कथा सांगत आणि मी मनात म्हणे, हे वाक्य मूळचं नाही, हे बुवांच्या पदरचं आहे. शेजारीण आपल्या माहेरचं काही सांगू लागली तरी तोच चाळा. गुरुजींना हे कळलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "आपल्या जन्मपत्रिकेतही शोधून पाहा एकदा."

त्याच पावसाळ्यात कोथरूडची मंडळी आमच्याकडे आली. गावाबाहेरच्या एका देवळाच्या पूजेवरून तिथल्या दोन घरांत तंटा लागला होता. एका घराचं म्हणणं, पूजा आमचीच, आणि त्याला दाखला देवळाच्या माहात्म्याची पोथी. दुसरं घर म्हणे, पोथी बनावट आहे. पंचांनी ठरवलं की पुण्यातल्या शास्त्र्यांना दाखवावी. तांबड्या रुमालात बांधलेली ती पोथी गुरुजींनी हातात घेतली, वरची चार पानं उलटली आणि माझ्यापुढं सरकवली.

"माझी दृष्टी आता चालत नाही. तू पाहा. काय आढळेल ते सांग."

मी दोन दिवस त्या पोथीवर बसलो. पोथी जुनी होती यात शंका नव्हती. कडा झिजलेल्या, कागद तांबूस पडलेला. मात्र सतरावं पान निराळं होतं. कागद जाड, समासाच्या रेघा जरा गडद, अक्षर टपोरं आणि देखणं. क्षची शेपटी डावीकडं वळवलेली, तशी मी कुठं पाहिली नव्हती. त्या पानाला धुराचा वास येत होता; बाकीची पानं मी हुंगून पाहिली नाहीत. आणि नेमकं त्याच पानावर ऋषी सांगत होते की या देवाची पूजा अमुक वंशानं करावी, हे त्याचं वतन.

वतन! पुराणातला ऋषी यावनी, फारसीतून आलेला शब्द बोलतो? मला इतका आनंद झाला की मी उठून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. क्षेपक सापडला होता. उरला प्रश्न एवढाच, घातला कुणी?

आणि माझ्या डोळ्यांपुढं माझा सहाध्यायी आला.

आम्ही दोघं एकाच माजघरात जेवत होतो. बोरू तासायला त्यानंच मला शिकवलं, शाईत किती डिंक घालायचा तेही. आमच्या सगळ्यांत अक्षर त्याचं सुंदर. पूजा मागणारं कोथरूडचं घर त्याच्या मामाचं होतं आणि तो महिन्यातून दोनदा तिकडं जाई. एवढ्यानं काही सिद्ध होत नाही हे मलाही कळत होतं. पण आठ दिवसांपूर्वी मी त्याला स्वयंपाकघरात लिहिलेली पानं चुलीच्या धुरावर धरून बसलेलं पाहिलं होतं. नवा कागद जुना दिसावा म्हणून लोक असं करतात, हे मी ऐकून होतो.

मग मी त्याच्यावर नजर ठेवू लागलो. तो पाठ म्हणताना मी त्याच्या बोटांकडं पाही. तो बाहेर पडला की किती वेळानं परततो ते मनात धरी. त्यानं पोथीबद्दल एक अक्षर विचारलं नाही, याचाही मला संशय आला. विचारलं असतं तरी आलाच असता.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या पाठाला सगळे बसले असताना गुरुजींनी मला विचारलं, "काय आढळलं?"

मी सतरावं पान पुढं ठेवलं, वतन शब्दावर बोट ठेवलं, कागदाचा फरक दाखवला. तिथंच थांबायला हवं होतं. थांबलो नाही. म्हणालो, "आणि हे पान ज्यानं लिहिलं तो फार लांबचा नाही. ज्याचे मामा कोथरूडला आहेत, जो चुलीवर पानं धुरावतो, त्याला विचारावं."

सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. तो आधी गोंधळला, मग त्याचा चेहरा उतरला.

"धुरावतो? अरे, नदी ओलांडताना पाय घसरला, माझी पाठाची पानं भिजली. ती वाळवत होतो."

"असं तू म्हणतोस."

"हे अक्षर माझं आहे? माझ्या शेजारी बसून दोन वर्षं लिहितोयस, आणि तुला माझा क्ष ओळखता येत नाही?"

मी म्हणालो, "अक्षर बदलता येतं."

 त्यानं गुरुजींकडं पाहिलं. गुरुजी पानाकडं पाहत होते. त्यांनी मान वर केली नाही, हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत. थोडा वेळ वाट पाहून तो उठला, आपली वळकटी आणि तांब्या घेतला, गुरुजींना नमस्कार केला आणि गेला. जाताना त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. त्या क्षणी मला वाटलं, चोर पकडला गेला की असाच जातो.

चार-पाच दिवसांनी मला वहीसाठी एका शब्दाचा अर्थ अडला. गुरुजी स्नानाला नदीवर गेले होते. फडताळात त्यांच्या तरुणपणच्या वह्या असत. त्या पाहायची मला मुभा होती. एक काढली. ती उघडली आणि तिथल्या तिथं खाली बसलो. टपोरं, देखणं अक्षर. डावीकडं वळलेली क्षची शेपटी, पानापानावर.

गुरुजींचा हात मी आलो तेव्हापासून कापत असे. ते सांगत, आम्ही लिहीत असू. त्यांचं धड अक्षर आमच्यापैकी कुणी पाहिलंच नव्हतं.

ते ओल्या पंच्यानं आले तेव्हा वही माझ्या मांडीवर उघडीच होती. त्यांची नजर तिच्यावर गेली. ते ओटीवर टेकले.

"तुझ्याच वयाचा होतो," ते म्हणाले. "कोथरूडला त्या घरी चातुर्मासात पोथी वाचायला गेलो होतो. सतरावं पान वाळवीनं खाल्लेलं. घरातले वडीलधारे म्हणाले, आम्हाला पाठ आहे, आपण लिहून द्या. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून लिहिलं, चुलीजवळ. पोथीही तिथंच फळीवर असे."

"वतन शब्द?"

"खटकला होता. विचारणार होतो. पण चार महिने त्यांचं अन्न खात होतो, आणि ते मला शास्त्रीबुवा म्हणत होते. तोवर मला कुणी शास्त्रीबुवा म्हटलं नव्हतं."

"आणि परवा? तो उठून गेला तेव्हा?"

त्यांनी पंच्याचं टोक पिळलं. मग म्हणाले, "परवा मी भ्यालो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते काठी टेकत कोथरूडला निघाले. मी बरोबर होतो. देवळाच्या सभामंडपात पंच बसले, दोन्ही घरची माणसं दोन बाजूंना. गुरुजींनी पान वर धरलं आणि सांगितलं की हे माझ्या हातचं आहे. मुळात काय होतं ते मला ठाऊक नाही, तेव्हाही नव्हतं. याच्यावर कुणाचा हक्क ठरवू नये.

पंचांतला एक म्हातारा शेतकरी पुढं वाकला. "म्हंजी पोथी खोटी हाय म्हना की, बुवा."

"पोथी खरी आहे. हे एक पान माझं आहे."

"आन् तुमी आजवर गप ऱ्हायलात?"

"राहिलो."

पंचांनी पूजा दोन्ही घरांत वर्षाआड वाटून दिली. कुणाचंच समाधान झालं नाही. गुरुजींकडं माहात्म्यं तपासायला येणं त्यानंतर हळूहळू बंद झालं. पेठेत लोक बोलत, आणि पुण्यात बोलायला फार लागत नाही. ओंकारेश्वराच्या घाटावर एकानं तर त्यांना तोंडावर विचारलं, "काय शास्त्रीबुवा, सध्या कोणतं पुराण चाललंय लिहायला?" गुरुजींनी मान हलवली आणि पुढं गेले.

एक कोडं मला आजही सुटलेलं नाही. पहिल्या दिवशी वरची चार पानं उलटूनच त्यांनी पोथी माझ्याकडं का दिली? सतराव्या पानापर्यंत जायची त्यांना हिंमत नव्हती, की मी ते शोधून काढावं असं त्यांना वाटत होतं? मी शेवटपर्यंत विचारलं नाही. त्यांनी दिलेल्या उत्तरावर माझा विश्वास बसला असता की नाही, याची मला खात्री नव्हती.

माझ्या सहाध्याय्याला मी शोधत गेलो. तो बुधवार पेठेतल्या एका वैयाकरणांकडं राहू लागला होता. दारातच मी हात जोडले, झालं ते सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. "बरं झालं कळलं," एवढंच म्हणाला, आणि पाठाची वेळ झाली म्हणून आत गेला.

नंतर बारा वर्षांनी श्रावणात पर्वतीखाली रमण्यात दक्षिणेसाठी ब्राह्मणांची गर्दी लोटली असताना आम्ही समोरासमोर आलो. तो आता चांगला नावाजलेला पंडित होता. मी त्याला अरे म्हणून हाक मारली. त्यानं थांबून माझ्या घरच्यांची चौकशी केली, मुलांचं विचारलं, माझा खोकला ऐकून आडुळसा घ्यायला सांगितलं. काळजीनं बोलला, खोटं वाटावं असं त्यात काही नव्हतं. फक्त सगळा वेळ तो मला आपण म्हणत होता.