दादाचा चाफा का फुलत नव्हता

निफाडजवळच्या आमच्या गावातून मी निघालो, त्या सकाळी माझा थोरला भाऊ, दादा, द्राक्षबागेच्या बांधावरून मजुरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "याला छाटणी जमत नाय. जाऊ द्या कंपनीत, तिथं लोखंड कापील." मजूर हसले. त्या हंगामात एका ओळीला घडच आले नव्हते. काडीवर किती डोळे राखून कापायचं ते मला दादानंच सांगितलं होतं, आणि चुकीचं सांगितलं होतं. वडिलांसमोर मात्र नाव माझं पुढे केलं. वडील म्हणाले, "मोठा हाय तो." झाला न्याय.

जाता जाता रागानं मी दारातल्या पांढऱ्या चाफ्याची फांदी मोडून घेतली. शर्टभर चीक सांडला. आई मागून धावत आली. मला वाटलं, थांब म्हणेल. ती म्हणाली, "चीक वाळू दे आधी. लगेच मातीत खुपसू नको, कुजंल."

नाशिकच्या सातपूरला एका कारखान्यात आधी हेल्पर झालो, मग बंद पडलेल्या वर्कशॉपची जुनी मशिनं घेऊन विकू लागलो. त्या धंद्यात मी गप्प राहायला शिकलो. माझ्यासारख्या तापट माणसाला ते सोपं नव्हतं.

फांदी तेलाच्या डब्यात लावली होती. पहिल्या थंडीत तिची सगळी पानं गळाली. मेली समजून मी रोज पाणी ओतत गेलो, तर बुडखाच मऊ पडला. कुजका भाग कापला, आठवडाभर सावलीत वाळवली, वाळू घालून पुन्हा लावली. तेव्हापासून पानं गळून चाफा उघडा झाला की मी पाणी तोडतो. नवी पालवी दिसली की हळूहळू सुरू करतो. घर बांधल्यावर तो अंगणात उन्हात लावला. फुलांचा गुच्छ फांदीच्या टोकालाच येतो, म्हणून शेंड्याला मी कोणाला हात लावू देत नाही. भिंतीपलीकडे फांदी आली म्हणून शेजाऱ्यानं कोयता काढला, तेव्हा कॉलनी गोळा होईपर्यंत भांडलो.

गावाकडचा चाफा मात्र फुलेना. का, ते मी तिकडे गेलो तेव्हा पहिल्या नजरेतच ओळखलं. ऑक्टोबरात बागेची छाटणी उरकली की दादा त्याच कात्रीनं चाफाही छाटायचा. सगळे शेंडे साफ. द्राक्षवाल्याला कापल्याशिवाय झाड फळतं हे पटतच नाही.

दादाचा फोन यायचा. "अरे, चाफा फुलत नाय. आई सारखी इचारती. देवाला तिला तेच फूल लागतं."

"शेणखत घाल."

"घातलं. द्राक्षाचं औषधबी मारलं."

"मग अजून घाल."

फोन ठेवून मी अंगणात बसून हसायचो. तुम्ही जे गावी राहिलात ते मला दुष्ट म्हणाल. जे माझ्यासारखे हाकलले गेलात, ते म्हणणार नाहीत.

यंदा उन्हाळ्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आई माझ्याकडे आली. चाफा ऐन भरात होता. पट्टी निघाल्यावर ती त्याच्याखाली खुर्ची टाकून बसली. मला हेच हवं होतं. म्हटलं, "आई, आता इथंच राहा."

ती वर बघत म्हणाली, "तू कापत नाय म्हणून हा फुलतो. हे त्याला का नाय सांगितलंस?"

"त्यानं मला विचारलं नाही."

"फोन करून इचारत व्हता की! राहते मी. पण आधी त्याला सांग."

आयुष्यभर मी भाव केले, पण असा सौदा कोणी मांडला नव्हता. मी तिच्यासमोरच फोन लावला. "दादा, चाफ्याला कात्री लावू नको. शेंडे राहिले तरच फूल येतं."

तो म्हणाला, "तुला कधीपासून माहीत?"

"पहिल्यापासून."

"नालायका!" तो ओरडला. इतक्या वर्षांत कानाला एवढं गोड काही लागलं नव्हतं.

आई शब्दाला जागली. पावसाळाभर राहिली, माझ्या चाफ्याची फुलं माझ्या देवाला वाहिली. दसरा झाला तशी पिशवी भरू लागली. "मजूर येतील आता कात्र्या घेऊन. तुझा भाऊ इसरतो. मलाच झाडापुढं उभं राहाया पायजे." शब्द तिनं राहण्याचा दिला होता, किती दिवस ते मी ठरवून घेतलं नव्हतं. नाशिकभर माझ्या व्यवहाराचं नाव आहे, आणि म्हातारीनं मला उभ्या उभ्या गुंडाळलं.

ती गेली. माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. सातपूरला माझं घर आहे, धंदा आहे, चार माणसं मला शेठ म्हणतात. तरी तुमचं घर कुठलं असं कोणी विचारलं की तोंडातून निफाडच निघतं. इतकी वर्षं राग धरावा एवढं जवळचं सातपुरात माझं कोणी नाही.