आईचं पक्कं सील

माझ्या आईला, वत्सलाबाईंना, सातपूर एमआयडीसीत सगळे ‘सीलवाल्या मावशी’ म्हणत. वडील गेले तेव्हा, एक्क्याण्णव साली, धाकटा भाऊ अमित चौथीत होता आणि मी सातवीत. आई एका शेडमध्ये कामाला लागली. तिथे अॅल्युमिनियमच्या नेमप्लेटा अॅनोडाइज करून रंगवत.

काम ऐकायला साधं. पत्रा अॅसिडच्या टाकीत टांगून वीज सोडली की त्याच्यावर कडक थर चढतो. त्या थराला डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात, रंग त्यांत शिरतो. मग माल शुद्ध पाण्यात उकळला की भोकं मिटतात आणि रंग आत पक्का बसतो. हे शेवटचं काम म्हणजे सील. ते आईकडे होतं. सील न झालेला पत्रा बोटाला किंचित धरतो, तेवढ्यावरून ती कच्चा माल ओळखायची. तिचा माल कधी परत आला नाही, आणि ही गोष्ट ती घरी आलेल्या प्रत्येकाला चहाआधी सांगायची.

अमितला एम.एस्सी.ला प्रोजेक्ट मिळाला तोही अॅनोडायझिंगचाच. “आई, तुझंच काम करतोय, फक्त बर्फात,” असं तो म्हणाला आणि आईने ते गल्लीभर केलं. पुढचं तिने ऐकलंच नाही, मी ऐकलं. तो बर्फाच्या लाद्या आणून अॅसिड गार ठेवायचा. पहिला थर चढवायचा, विरघळवून टाकायचा, पुन्हा चढवायचा. दुसऱ्या खेपेला भोकं मधाच्या पोळ्यासारखी ओळीत येत. त्या भोकांत दुसरा धातू भरून केसाहून कितीतरी बारीक तारा करायच्या होत्या. म्हणजे ती भोकं हाच त्याचा साचा होता.

वर्षभराच्या खटपटीतून अशा भोकांच्या, पत्र्याच्या तीन चकत्या मनासारख्या निघाल्या. त्यासाठीचा अतिशुद्ध पत्रा त्यातच संपला, नवा यायला महिने लागणार होते. पुण्याच्या एका सरांनी त्याला बोलावलं. चकत्या घेऊन ये, भोकं ठीक निघाली तर पीएच.डी.ची जागा तुझी, असं ते म्हणाले होते. जागा एकच होती. शनिवारी अमितने चकत्यांची डबी आणून बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवली. रविवारी तो केस कापायला गेला.

आईने डबी उघडली. चकतीच्या कडेला बोट लावलं. बोट धरलं गेलं.

“पोरगं सील करायचं इसरलं गं,” ती म्हणाली. मी म्हटलं, त्याला येऊ दे, विचारून कर. तर मलाच झापलं, “तू मला शिकवू नको.” कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणलं. नवं पातेलं काढलं. चकत्या उकळल्या, मलमलीवर सुकवल्या, जशा होत्या तशा डबीत ठेवल्या. एवढ्या निगुतीने तिने माझ्या लग्नाचंही काही केलं नाही.

अमित आला तसं तिने हसत सांगितलं, “सील राहिलं व्हतं बाळा. मी केलं. आता कोणी नाव ठेवणार नाय.”

मी कांदा चिरत होते. अमितचा चेहरा मला दिसला, पातेलं ठेवायला वळलेल्या आईला नाही. त्याने डबी उघडली, बंद केली आणि म्हणाला, “बरं झालं आई, मी विसरलोच होतो.”

सोमवारी पुण्याला निघताना एसटी स्टँडवर त्याने मला खरं सांगितलं. एकही भोक उघडं उरलं नसणार. “आईला कळता कामा नये,” तो म्हणाला. मला त्याचा इतका राग आला की मी त्याला जेवणाच्या डब्याची पिशवी न देताच परत फिरले, मग धावत जाऊन खिडकीतून दिली.

जागा दुसऱ्याला मिळाली. अमित अंबडच्या एका कंपनीत मालाच्या तपासणीला लागला, शिफ्टमध्ये. आणि आई चार वर्षं आल्यागेल्याला सांगत राहिली, “पुण्याच्या लोकांना पारखच नाय. मी सोता सील केलं व्हतं, लय पक्कं.” अमित शेजारी बसून जेवत असायचा. मान हलवायचा. मला तिथून उठून जावंसं वाटे.

दोन हजार आठ साली आईच्या शेडला कुठल्याशा कॉलेजचं काम आलं. सुपरवायझर वाल्मीकने आईला अडवलं, “मावशी, ह्यो माल उकळायचा नाय. भोकं मिटली का त्यांच्या काय कामाचा नाय.”

आई दुपारीच घरी आली. मी माहेरी आले होते. तिने पाणी घेतलं नाही, भिंतीला टेकून बसून राहिली. अमित शिफ्टवरून आला, बूट काढत होता, तेव्हा तिने विचारलं.

“तुझी भोकं उघडी ठेवायची व्हती?”

अमितने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, मी नाही सांगितलं.

“हो,” तो म्हणाला.

“मंग वरडला का नाय रे? चार वर्षं मी तुझ्या म्होरं फुशारकी मारतीये आन् तू जेवतोय. येकदा वरडायचं. ताट फेकायचं.”

“तू किती खूश होतीस त्या दिवशी.”

ती ऊर बडवायला लागली. अमितने तिचे हात धरले. तिला कसंही करून हसवायचं म्हणून तो म्हणाला, “पण आई, सील एक नंबर झालं होतं बरं का. पुण्याचे सर खरंच म्हणाले, इतकं पक्कं कुणी केलं? मी सांगितलं, आमच्या आईने.”

ती हसली नाही. पदर तोंडात कोंबून ती जे रडू लागली, ते आम्हा दोघांना थांबवता आलं नाही.