दादाला दिलेलं उत्तर

चर्चमध्ये मी जी साक्ष देतो ती अपुरी आहे. हे आजवर कुणाला बोललो नाही, बायकोलाही नाही.

उभा राहून मी सांगतो, "मी दारूत बुडालो होतो. मी काहीच केलं नाही, प्रभूने मला निवडलं आणि ओढून काढलं." लोक आमेन म्हणतात. त्यात एक माणूस मी गाळतो. चर्चच्या मंडळीतले एक निवृत्त शिक्षक दर बुधवारी स्कूटरवरून विश्रांतवाडीत माझ्या दाराशी यायचे, प्रार्थनासभेला न्यायला. मी दार उघडलं नाही तर पायरीवर बसून राहायचे. सहाएक महिन्यांनी एका बुधवारी मी चपला घातल्या आणि त्यांच्या मागे बसलो. त्या चपला देवाने घालायला लावल्या की मीच घातल्या, मला अजून सांगता येत नाही. आता ते शिक्षकही हयात नाहीत, विचारणार कुणाला?

माझा थोरला भाऊही प्यायचा. लोणी काळभोरला एकटाच असतो. मला चर्चच्या कमिटीवर घेतलं, त्याच महिन्यात त्याचा फोन आला.

"रविवारी मला ने रे तुझ्याबरोबर. एकट्याने आत शिरायला कसंतरी होतं."

त्याच्या तोंडाचा वास, थरथरणारे हात, कमिटीतल्यांच्या नजरा, सगळं डोळ्यांपुढे आलं. मी म्हणालो, "दादा, हे आपल्या हातात नसतं. देवाने तुला निवडलं असेल तर तोच आणेल."

तो म्हणाला, "म्हणजे वशिला थेट वरून लागतो. बरं झालं सांगितलंस, उगाच शर्टाला इस्त्री करत बसलो असतो."

मी हसलो. तो हसला नाही.

गेल्या नाताळात केक घेऊन त्याच्याकडे गेलो. निघताना विचारलं, प्रार्थना करू का? "कशाला? यादीत मी नाही, तूच म्हणालास ना," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्याने ते खरं मानलं होतं, आणि खाली बघत केकच्या कागदाची घडी घालत होता.

देव निवडतो, हे मी आजही मानतो. पण दादाला निवडलेलं नाही, असं मला कुणी कळवलं होतं? मला लाज वाटत होती, ती मी देवाच्या नावावर खपवली. भरल्या चर्चमध्ये लोक माझ्या साक्षीला आमेन म्हणतात, तेव्हा माझ्याइतकं एकटं तिथे कुणी नसतं.

लोणीला जायचं मी अजून टाळतोय. तुला नेलं नाही ते माझ्या लाजेपायी, देवाने तुला नाकारलेलं नाही, एवढं त्याच्यासमोर बसून सांगणं मी दादाचं देणं लागतो.