उतारावर आडवी लावलेली जीप

फोन निलंग्याहून आला. मी शाळेत सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. पलीकडून अझहरचे, माझ्या दिराच्या शिष्याचे, वडील बोलत होते. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. "भाभी, शिवराजभाऊ गेले," ते म्हणाले. "माझ्या दारात गेले..." माझा दीर शिवराज त्या सकाळी नेहमीसारखा त्यांच्याकडं गेला होता. चहा झाला, निघायला म्हणून उठला, छातीत कळ आली आणि उंबऱ्याशीच खाली बसला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. पन्नाशीही गाठली नव्हती त्यानं. महिना उलटून गेलाय. भेटायला येणारे म्हणतात, हार्टनं गेला. मला मात्र वाटतं, तो त्याआधीच जायला लागला होता आणि आम्ही घरातली माणसं नुसती बघत होतो.

मी नांदेडची. लग्न होऊन लातूरला आले तेव्हा शिवा कॉलेजात होता. आमचं भुसाराचं दुकान. सकाळची लिंगपूजा झाली की घरातले सगळे पुरुष दुकानात आणि हा एकटा सायकल घेऊन मुरुडच्या रस्त्याला. मोठ्या भावाला, म्हणजे माझ्या मिस्टरांना, ते कधीच पसंत नव्हतं. पण पोरगा सायकल शर्यतीत राज्यात नाव काढू लागला तसे तेही गप्प झाले. मग एका शर्यतीत आयोजकांनी शेवटची रेषा बाजारपेठेतल्या वळणाच्या अगदी तोंडावर आखली. सगळे एकदम वेगात आले आणि एकमेकांवर कोसळले. शिवाच्या मांडीचं हाड मोडलं, पायात सळई बसली, शर्यती संपल्या. दवाखान्यात मला म्हणाला, "पडलो त्याचं काही न्हाई वहिनी. पण ती रेषा तिथं कुणी मारली, एवढं एकदा विचारायचंय." त्याला कुणी उत्तर दिलं नाही. शेवटी रस्ते बघायचं ते काम तो स्वतःच करू लागला.

मराठवाड्यातून जाणारी ती टप्प्याटप्प्यांची मोठी शर्यत सुरू झाली तेव्हा नांदेड ते लातूर या टप्प्याचा मार्ग बघायचं काम त्याच्याकडं आलं. पुण्या-बंगळुरूचे पगारी संघ यायचे. एकदा मला माहेरी सोडतो म्हणून त्यानं जीपमध्ये घेतलं आणि आख्खा दिवस घालवला. प्रत्येक गतिरोधकाला उतरायचा. सिमेंटच्या रस्त्यातल्या सांध्यांच्या फटीत बोट घालून बघायचा. तेवढ्या फटीत शर्यतीच्या सायकलचं चाक अडकतं आणि माणूस फेकला जातो, म्हणाला. गावागावांत थांबून लोकांना हात जोडत होता, त्या दिवशी रस्त्यावर सोयाबीन वाळत घालू नका म्हणून. वळणावरच्या खांबांना भुसा भरलेली पोती बांधून घ्यायचा. मी कंटाळून गेले होते खरं तर.

अझहर त्याचाच शिष्य. निलंग्याचा. शिवानं त्याला शिकवलं, पुण्याच्या संघात नेऊन घातलं. आमच्या घरी जेवायला असायचा, मला अम्मी म्हणायचा.

कंधार ओलांडून जळकोटकडं येताना डोंगरातून एक उतार आहे. उताराच्या पायथ्याशी वळण आणि वळणातच अरुंद पूल. शिवाला तो रस्ता नकोच होता. पण आयोजकांना हवा होता, कारण तो कॅमेऱ्यात चांगला दिसतो. त्या वर्षी शर्यतीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला आणि शेतातली काळी माती वाहून वळणावर आली. आपली माती ओली झाली की पाय ठरत नाही, तिथं ती बारीक चाकं काय ठरणार? शिवानं फोन करून सांगितलं, उतारापुरती शर्यत थांबवा, सगळ्यांना गाडीमागं सावकाश उतरू द्या. लातूरला पाहुणे येऊन बसलेत, माती झाडून घ्या आणि सोडा, असं उत्तर आलं. मग त्यानं उताराच्या माथ्यावर आपली जीप रस्त्यात आडवी लावली.

आणि पहिला आला तो अझहर. सगळ्यांना मागं टाकून एकटा पुढं निघालेला, आपल्या लोकांसमोर लातुरात जिंकायला. शिवानं त्याच्या सायकलचं हँडल धरलं. अझहर हातापाया पडला, ओरडला, शेवटी रडला. मागचे येऊन मिळाले, सगळे जीपमागं हळूहळू उतरले आणि लातुरात दुसराच कुणी जिंकला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. त्यामुळंच की काय, शिवाचं लोकांनी हसं केलं. दुकानात गिऱ्हाइकं माझ्या मिस्टरांना ऐकवायची, तुमच्या भावानं आपल्याच माणसाचा घास काढला. आयोजकांनी त्याचा सत्कार केला आणि पुढच्या वर्षी त्याला बोलावलं नाही. अझहर वर्षभर आमच्या घरी आला नाही.

पुढच्या वर्षी मार्ग तोच राहिला. शिवा न बोलावता आयोजकांकडं गेला, अहमदपूरच्या सरळ रस्त्यानं न्या म्हणून सांगून आला. त्या रस्त्यावर बघण्यासारखं काय आहे, असं त्यांनी विचारलं. मग तो नांदेडला जाऊन अझहरला भेटला. पुलाच्या अलीकडं उसाच्या शेतातून वाट रस्त्याला लागते, तिथं चिखल असतो, ब्रेक आधीच लाव, असं त्याला चार-चारदा सांगितलं. अझहर त्याच्या पाया पडला, हसला. "सर, यंदा जीप नाही ना?" एवढंच म्हणाला. वर्षाचा अबोला सुटला म्हणून शिवा खुशीत परत आला होता.

शर्यतीच्या दिवशी ऊन लख्ख होतं, रस्ता कोरडा. मी आणि शिवा लातुरात गर्दीत उभे होतो. मध्येच लाऊडस्पीकरवरची गाणी बंद झाली. कुणीतरी फोन कानाला लावून म्हणालं, एक जण पडला म्हणे, जळकोटच्या अलीकडं. शिवानं कोण पडलं ते विचारलं नाही. "कोणतं वळण?" एवढंच विचारलं... उसाची ट्रॉली नुकतीच शेतातून निघाली होती, चाकांचा ओला चिखल वळणात पडला होता. अझहरचं पुढचं चाक त्याच्यावर गेलं आणि तो पुलाच्या कठड्यावर आदळला. हेल्मेट दोन ठिकाणी फुटलं होतं. तो जागीच गेला. दुसऱ्या दिवशी आयोजक म्हणाले, खेळाडूचा अंदाज चुकला.

मी शिवाची समजूत काढायला गेले. म्हटलं, तू तर आधीच सांगितलं होतंस, तुझं काय चुकलं? तो म्हणाला, "वहिनी, त्या वर्षी मी जीप लावली नसती, तर दोन-चार जण पडले असते. कुणाचा हात मोडला असता, कुणाचा पाय. तो उतार कायमचा बंद झाला असता. मी कुणालाच पडू दिलं न्हाई. म्हणून कुणालाच खरं वाटलं न्हाई."

त्यानंतर तो सायकलवर बसला नाही. दुकानात गल्ल्याजवळ गप्प बसायचा, गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी त्याचं लक्ष नसायचं. जेवण तुटलं. महिन्यातून एक-दोनदा निलंग्याला जायचा. अझहरच्या वडिलांना मी एकदा विचारलं, काय बोलता तुम्ही दोघं? ते म्हणाले, "काही न्हाई भाभी. बसतो." शर्यत अजून होते. त्याच उतारावरून जाते.

गेल्या आठवड्यात अझहरचे वडील स्वतः आमच्याकडं आले. पिशवीतून शिवाच्या चपला काढल्या. त्या दिवशी धावपळीत तिकडंच राहिल्या होत्या. इतके दिवस दारातून हलवायला आमचे हात उठले न्हाईत, म्हणाले. माझ्या मिस्टरांनी त्या दोन्ही हातांनी घेतल्या. मला वाटलं, वर कुठंतरी नीट ठेवून देतील. त्यांनी त्या बाहेर आमच्या दारात, सगळ्यांच्या चपलांच्या रांगेत ठेवल्या. केर काढणारी बाई रोज सगळ्या चपला उचलून झाडते. तेवढ्या दोन तशाच ठेवते, त्यांच्या भोवतीनं झाडू फिरवते. तिला आम्ही कुणी काही सांगितलेलं नाही.