ब्रेक लाइटची वायर

मुलाच्या गाडीचा ब्रेक लाइट बघायला आज मेकॅनिक एकटाच आला. टोकाला रबर लावलेलं एक दांडकं त्याने सीट आणि ब्रेकच्या पेडलमधे अडकवलं आणि मागे जाऊन निवांत वायर तपासत बसला.

ऐंशीच्या दशकात आम्ही दादर सोडून वाशीला आलो. मला यायचं नव्हतं, म्हणून मी ह्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. एका रविवारी आमच्या जुन्या गाडीचा ब्रेक लाइट लागेना.

"पेडल दाबायला कुणीतरी लागतं," हे म्हणाले.

मी मुकाट्याने जाऊन बसले. रेक्झिनची सीट तापली होती, खाडीकडून खारट वारा येत होता. हे मागून "दाब" म्हणायचे, मी दाबायचे. बराच वेळ असंच चाललं. शेवटी मला राहवेना.

"लागला का?"

"नाही. सोड, परत दाब."

"अहो, नीट बघा तरी."

अर्थिंगची तार गंजली होती. ती घासल्यावर दिवा लागला, तोवर आमचं बोलणं जेवायला काय करायचं इथवर आलं होतं.

त्या गाडीच्या सीटखाली कायम एक दांडकं असायचं. कुत्र्यांसाठी असेल, असं मी समजत होते. त्याच्याही टोकाला रबर होतं.